दिवसा टेललाईट लावायची का, आणि लावली तर बॅटरी पुरवायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे की रोज कोथरूडहून हिंजवडीला सायकलने जाणं, एका बाजूने साधारण १६ किमी, रविवारी पानशेत नाहीतर सिंहगडाकडे मोठी राइड, तर टेललाईट फक्त अंधार पडल्यावर लावायची की दिवसापण, आणि दिवसा लावली की संध्याकाळी परत निघताना ती मेलेली असते, त्याचं काय करायचं.

लावायचीच. मी बरीच वर्षं सायकल चालवतोय, बीआरएम म्हणजे ब्रेव्हे, ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, त्या करतो, आणि शनिवारी दुपारी एका मित्राच्या सायकल वर्कशॉपमध्ये बसून लोकांच्या बंद पडलेल्या लाईटी उघडून बघतो, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी बघितलंय, रस्त्यावरून पण आणि लाईटीच्या आतून पण. आता माझी सायकल घराबाहेर पडली की मागची लाईट चालू, मग सकाळचे सहा असोत की दुपारचा एक.

लोकांना वाटतं लख्ख उजेडात कशाला लाईट, दिसतोच की मी. उघड्या रस्त्यावर दिसता, हे खरं. पण आपले रस्ते उघडे कुठे असतात? सुरूरहून वाईकडे जाताना ती वडाची जुनी झाडं आठवा, किंवा पानशेत रस्त्यावर धरणाच्या कडेने जो झाडीचा पट्टा लागतो तो. गाडीवाला भर उन्हातून येतो, त्याचे डोळे उन्हाला सरावलेले असतात, आणि तुम्ही सावलीत असता. सावली-ऊन-सावली-ऊन असे तुकडे पडलेले असतात रस्त्यावर आणि त्यात राखाडी नाहीतर काळं जर्सी घातलेला माणूस नुसता एक तुकडा होऊन जातो. डोळ्यांना उजेडातून सावलीत जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि नेमका तेवढाच वेळ गाडीवाल्याकडे नसतो. मी स्वतः कार चालवत असताना एकदा सकाळी साडेनऊला एक सायकलवाला मला पार जवळ गेल्यावर दिसला, तो काही चुकीचं करत नव्हता, कडेनेच चालला होता, मीही फोन बघत नव्हतो. त्या दिवसापासून मी दिवसा लाईट लावायला लागलो.

हिशोब करून बघा. गाडी ८० च्या स्पीडने येतेय, तुम्ही २० ने चाललाय, म्हणजे अंतर ताशी ६० किमीने कमी होतंय, सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. तुम्ही त्याला ५० मीटरवर दिसलात तर त्याच्याकडे तीन सेकंद आहेत, त्यात आरसा बघायचा, शेजारच्या लेनमध्ये कोणी आहे का ते बघायचं आणि गाडी बाहेर काढायची. तेच २०० मीटरवरून लाल ठिपका लुकलुकताना दिसला तर बारा सेकंद मिळतात. बारा सेकंदात माणूस आरामात, न दचकता बाजूने जातो, हॉर्न पण वाजवत नाही.

याच्यावर डेन्मार्कमध्ये ओडेन्स शहरात २००४-०५ ला एक मोठा प्रयोग झाला होता, ३,८४५ सायकलस्वार घेतले, अर्ध्या लोकांच्या सायकलला चाकावरच्या मॅग्नेटवर चालणाऱ्या, कायम चालू राहणाऱ्या लाईट बसवल्या, आणि वर्षभर हिशोब ठेवला. लाईटवाल्यांचे इजा झालेले अपघात १९ टक्क्यांनी कमी निघाले. अपघात लोकांनी स्वतःच कळवायचे होते त्यामुळे हा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही, आणि ओडेन्सचा रस्ता म्हणजे पुण्याचा चांदणी चौक नव्हे हेही खरं, पण दिशा कुठली आहे ते कळतं. आपल्याकडे पण १ एप्रिल २०१७ पासून नवीन दुचाकींचा हेडलाईट कायम चालूच राहतो, तो काय रस्ता दिसावा म्हणून नाही, दुसऱ्याला दिसावं म्हणूनच. सुरुवातीला सगळे जण समोरून हाताची मूठ उघड-बंद करून सांगायचे, लाईट चालू राहिलाय म्हणून. सायकलवाल्यांना आजही सांगतात. हसून हात करायचा आणि पुढे जायचं, बंद करायची नाही. उलट त्याने सांगितलं म्हणजे त्याला दिसली ना.

आता एक गोष्ट जी फार लोकांना उलटी वाटते. दिवसा लाईट जास्त ताकदीची लागते, रात्री कमी. लुमेन म्हणजे उजेडाचं माप, रात्री ५-१० लुमेनचा लाल दिवा लांबून दिसतो, तोच दिवा दुपारी बारा वाजता चालू आहे की बंद हे हात लावून बघावं लागतं. दिवसासाठी साधारण ५० लुमेनच्या वर पाहिजे, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे समोर चांगली लेन्स पाहिजे जी उजेड एका दिशेत फेकेल. चारी बाजूंना पसरलेले ८० लुमेन उन्हात विरून जातात. आणि फ्लॅश पाहिजे, तो पण असा की दोन झटके, मग थोडं थांबणं, मग परत झटका. एकसारखं टिक-टिक-टिक लुकलुकणं नजर सरावून सोडून देते, वेडावाकडा ठेका नजर सोडत नाही.

ह्यातच तुमच्या बॅटरीचं उत्तर आहे. गार्मिनची रडारवाली व्हेरिया आरटीएल५१५ घ्या उदाहरणाला, कारण तिचे आकडे बोलके आहेत. डे फ्लॅश म्हणजे दिवसा लुकलुकायच्या मोडला ६५ लुमेन आणि बॅटरी १६ तास. सॉलिड म्हणजे स्थिर मोडला फक्त २० लुमेन आणि बॅटरी ६ तास. म्हणजे तिप्पट प्रखर दिवा अडीच पटीहून जास्त वेळ चालतो, कसं काय? तर फ्लॅशमध्ये दिवा बहुतेक वेळ बंदच असतो. समजा तुमच्या लाईटमध्ये ५०० एमएएचचा सेल आहे. स्थिर मोडला ती २०० मिलिअँप खात असेल तर अडीच तासांत खेळ खल्लास. फ्लॅशला झटक्याच्या वेळी ३०० खाईल पण दर सेकंदातला दहावा हिस्साच चालू असेल, तर सरासरी पडते ३० मिलिअँप, म्हणजे १६ तासांच्या आसपास. सेल तोच, पैसे तेच.

तुमची लाईट संध्याकाळी मेलेली असते म्हणता, ते मी जरा मांडून बघितलं. १६ किमीला तुम्हाला ५० मिनिटं लागत असतील. स्थिर मोडवर अडीच तास चालणारी लाईट, रविवारी रात्री चार्ज केलेली, सोमवारी सकाळ, सोमवारी संध्याकाळ, मंगळवारी सकाळ, झाले अडीच तास. मंगळवारी संध्याकाळी ऑफिसमधून निघताना ती गचकणारच. म्हणजे बॅटरी खराब वगैरे काही नाही, मोड चुकलाय आणि चार्जिंगचा वार चुकलाय. दिवसा डे फ्लॅश लावा, अंधार पडला की स्थिर नाहीतर मंद पल्स, म्हणजे हळूहळू कमी-जास्त होणारा उजेड, आणि दर दोन दिवसांनी रात्री फोनबरोबर लाईट पण लावा चार्जिंगला, संपेपर्यंत थांबायचं नाही. लिथियम सेलला अर्धवट चार्जिंगने काही होत नाही, पूर्ण संपवून मगच भरायची ही सवय जुन्या निकेल कॅडमियम सेलची, ती अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही.

आणि जर रोजच्या रोज चार्ज करूनही संध्याकाळी मेलेली सापडत असेल तर आधी बॅग तपासा. खरंच सांगतो, वर्कशॉपमध्ये बॅटरी गेली म्हणून आलेल्या लाईटींमध्ये हे मी कितीतरी वेळा बघितलंय. ऑफिसला पोचल्यावर लाईट काढून बॅगेत टाकली, वर डबा, लॅपटॉपचा चार्जर, बटण दाबलं गेलं, आणि बाईसाहेब दिवसभर बॅगेच्या पोटात जळत बसल्या. जुन्या मोज्यात घालून बटण आतल्या बाजूला राहील अशी ठेवा, नाहीतर चष्म्याच्या रिकाम्या डबीत. काही लाईटींना बटण दाबून लॉक करायची सोय असते, सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं, तो कागद कोणी वाचत नाही. दुसरं कारण म्हणजे ऑटो मोड, हलल्यावर चालू आणि ब्रेक लावला की प्रखर होणाऱ्या ज्या लाईट आहेत, त्यांचा सेन्सर जागाच असतो, पार्किंगमध्ये शेजारच्याने गाडी काढताना सायकलला धक्का दिला तरी लागते. रात्री आणि ऑफिसमध्ये पूर्ण बंद करायची.

कंपनीने खोक्यावर लिहिलेले तास मी कधी धरत नाही, तो आकडा बहुधा सगळ्यात मंद फ्लॅशचा असतो आणि नव्या सेलचा. स्वतः मोजा. सोपं आहे, लाईट पूर्ण चार्ज करायची, रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलच्या पेल्याला टेकवून ठेवायची, शेजारी काटे असलेलं घड्याळ, समोर फोन टाइमलॅप्सवर चार्जिंगला लावून, आणि झोपायचं. सकाळी व्हिडिओ पळवत बघितला की कळतं किती वाजता मंद झाली आणि किती वाजता विझली. मी स्थिर मोड, डे फ्लॅश आणि रात्रीचा पल्स असे तीन मोड तीन रात्री मोजतो आणि आकडा बारीक मार्करने लाईटीच्या पाठीवर लिहितो. दर सहा महिन्यांनी परत. माझ्या एका लाईटीवर आता ११ खोडून ९ आणि ९ खोडून साडेसहा लिहिलंय, तिला मी मोठ्या राइडला नेत नाही, बाजारात भाजी आणायला नेतो. ह्या मोजण्यात अजून एक गोष्ट समजते ती म्हणजे लाईट मरते कशी. काही शेवटपर्यंत तशाच प्रखर असतात आणि फट्कन विझतात, काही तासभर आधीपासून मंद होत जातात, काही शेवटी आपोआप बारीक ब्लिंकवर जातात. फट्कन विझणारी असेल तर तिच्या भरवशावर रात्री एकटीला न्यायचं नाही, कारण मागची लाईट गेलेली तुम्हाला सायकलवर बसून कळतच नाही.

चार्जिंगबद्दल दोन-तीन तक्रारी नेहमी येतात. नवीन सी टू सी, म्हणजे दोन्ही टोकांना टाइप सी असलेली केबल आणि लॅपटॉपचा चार्जर लावला तर लाईट चार्जच होत नाही, लोक म्हणतात लाईट गेली. गेली नाही. स्वस्त लाईटींमध्ये टाइप सी चं भोक तर असतं पण चार्जरला ‘मला वीज दे’ असं सांगणारे ५.१ किलोओहमचे दोन बारके रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे सी टू सी वर चार्जर काही देतच नाही. जुन्या चौकोनी यूएसबीवाल्या साध्या केबलने लावा, लगेच सुरू होते. फास्ट चार्जरला घाबरायचं कारण नाही, लाईटने मागितल्याशिवाय तो पाच व्होल्टच्या वर जात नाही. पॉवरबँकवर लावली तर मात्र कधी कधी ८०-९० टक्क्यांवर अडकते, कारण शेवटी लाईट इतका कमी करंट घेते की पॉवरबँकला वाटतं काही लावलेलंच नाही आणि ती झोपते. ब्रेव्हेच्या आदल्या रात्री म्हणून भिंतीवरच्या चार्जरवरच लावायची.

उन्हाचं बघा. लिथियम सेल ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायचा नसतो असा साधारण नियम आहे, आणि मे महिन्यात बंद कारच्या डॅशबोर्डवर त्याच्या खूप वर जातं. सायकल कारमध्ये घालून वाईला गेलात, तिथे लाईट पुढे काचेखाली चार्जिंगला ठेवून नाश्त्याला बसलात, तर सेलचं आयुष्य तिथेच कमी होतं. तसंच राइडवरून आल्यावर उन्हाने तापलेली लाईट लगेच लावायची नाही, आंघोळ करा, चहा घ्या, मग लावा.

पण मी उघडलेल्या लाईटींमध्ये सगळ्यात जास्त मेलेल्या असतात त्या पावसाळ्याने. मागच्या चाकाचं पाणी सरळ सीटपोस्टवर, म्हणजे लाईट लावतात त्या सीटखालच्या दांड्यावर उडतं, आणि ते नुसतं पाणी नसतं, त्यात बारीक माती असते, ती चार्जिंगच्या भोकावरच्या रबरी झाकणाच्या कडेला बसते आणि झाकण नीट लागत नाही. मागच्या दिवाळीच्या आधी एक जण लाईट घेऊन आला, जूनपासून चालत नाही म्हणाला. झाकण उघडलं तर आत वाळलेला ताम्हिणी घाटातला लाल चिखल, तो सुईने काढला तर खाली पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. आत उघडल्यावर सेल पापडासारखा फुगलेला. ओली असतानाच चार्जिंगला लावली होती, पिना गंजल्या, चार्ज होईना, मग तशीच रिकामी चार महिने ड्रॉवरमध्ये. रिकामा लिथियम सेल महिनोन् महिने ठेवला की तो आणखी खाली उतरतो आणि मग उठत नाही. फुगलेला सेल परत चार्ज करायचा प्रयत्न कोणी करू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात पण टाकू नका, ई-कचरा घेतात तिथे द्या.

तर पावसाळ्यात घरी आल्यावर लाईट काढायची, झाकण बंद ठेवूनच नळाखाली धरायची, फडक्याने पुसायची, झाकणाच्या कडा जुन्या टूथब्रशने साफ करायच्या, मग झाकण उघडून पंख्याखाली तासभर, आणि मगच चार्जिंग. आयपीएक्स४ लिहिलेली लाईट शिंतोड्यांपुरती असते, आयपीएक्स७ वाली मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते, कोकणातल्या पावसात फिरणार असाल तर ७ च घ्या. मागे मडगार्ड लावलं की लाईटीचं निम्मं दुखणं कमी होतं. आणि पावसाळाभर सायकल ठेवूनच देणार असाल तर लाईट निम्मी चार्ज करून कपाटात ठेवा, महिन्या-दीड महिन्याने एकदा दहा मिनिटं चार्जिंगला लावा.

लाईट बसवायची कशी यात लोक फार ढिले असतात. सीटपोस्ट मागे कललेला असतो, साधारण ७३ अंशात, त्यामुळे त्याला चिकटवून बसवलेली लाईट सरळ मागे न बघता रस्त्याकडे बघते. लेन्सवाली प्रखर लाईट असेल तर तिचा सगळा झोत आठ-दहा फुटांवर डांबरावर पडतो आणि गाडीवाल्याला उरलासुरला उजेड. खाली रबराची पाचर नाहीतर ट्यूबचा तुकडा घालून ती जमिनीला समांतर करा. मग सायकल सरळ रस्त्यावर उभी करून शंभर पावलं मागे जा, सकाळी अकराच्या उन्हात, आणि वळून बघा. मग रस्ता ओलांडून थोडं तिरकं उभं राहून बघा. तिथून पण पटकन नजरेत भरली पाहिजे. फोनच्या कॅमेऱ्यातून तपासू नका, तो उजेड स्वतः कमी-जास्त करतो आणि फसवतो. सायकलवर बसून मित्राला बघायला सांगा, कारण नुसत्या सायकलवर दिसणारी लाईट पावसाळी जॅकेटच्या शेपटाखाली, सीटखालच्या पिशवीच्या पट्ट्यामागे झाकली गेलेली असते. माझ्या बाबतीत हे झालंय, खंबाटकी घाट चढताना वाऱ्याने जॅकेट मागे लोंबत होतं, पूर्ण घाट लाईट झाकलेली, मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने बाजूला येऊन सांगितलं तेव्हा कळलं. तेव्हापासून एक लाईट सीटपोस्टला आणि दुसरी उजव्या सीटस्टेला, म्हणजे सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दांडीला, चाकाच्या वरच्या बाजूला, कारण आपल्याकडे ओव्हरटेक उजवीकडूनच होतो.

दोन लाईट हे माझं ठाम मत आहे, आणि एक महाग घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या. दिवसा एकच चालवा, डे फ्लॅशवर, दुसरी राखीव. अंधार पडला की दोन्ही, एक स्थिर आणि एक मंद पल्स. स्थिर दिव्यावरून मागच्याला अंतर कळतं, नुसत्या ब्लिंकवरून रात्री अंतराचा अंदाज येत नाही. जर्मनीत तर सायकलला ब्लिंक होणाऱ्या लाईटला परवानगीच नाही, स्थिरच पाहिजे. आणि गटात चालवताना, दिवसा पण, मागच्याच्या डोळ्यात ६०-७० लुमेनचे झटके मारायचे नाहीत, तुमच्या मागे दुसरा सायकलवाला असेल तर मंद मोड, प्रखर फ्लॅश सगळ्यात शेवटच्याने लावायची, आणि शेवटचा बदलला की मोड पण बदलायचा. बोगद्यात शिरायच्या आधी मात्र सगळ्यांनी लावा, उन्हातून बोगद्यात शिरणाऱ्या ट्रकवाल्याला पहिले काही सेकंद फार कमी दिसतं.

रविवारच्या राइडला चार-पाच तासांत डे फ्लॅशवाली कुठलीही बरी लाईट सहज पुरते. पुढे कधी ब्रेव्हेच्या वाटेला गेलात, २०० किमीला साडेतेरा तासांची मुदत असते आणि ६०० किमीला ४० तासांची, तर तिथे गणित वेगळं. तिथे मी दुसरी लाईट मुद्दाम सेलवाली ठेवतो, ज्यात रिमोटचे सेल बसतात ती. कारण पहाटे तीनला एखाद्या फाट्यावर प्लग शोधत बसता येत नाही, पण सकाळी किराणा दुकान उघडलं की रिमोटचे सेल मिळतातच. एरवी त्यात रिचार्जेबल निकेलचे सेल वापरा, ते १.२ व्होल्टचे असल्यामुळे लाईट किंचित मंद वाटते पण पावसाळ्यात फुटून आत चिकट पाणी सहसा सोडत नाहीत, साधे सेल विसरले की सोडतात.

तुम्हाला नवीन घ्यायची गरज आहे का, तर मला नाही वाटत. आधी आहे तीच लाईट डे फ्लॅशवर टाकून तीन रात्री मोजा आणि शंभर पावलांवरून बघा. उन्हात शंभर पावलांवरून दिसली नाही तरच दुसरी घ्या, आणि जुनी फेकू नका, ती रात्रीसाठी उजव्या सीटस्टेला लावा. आणि हिंजवडीच्या पार्किंगमध्ये सायकलला लावून ठेवू नका, ऊन पण लागतं आणि चोरीला पण जाते.